घोंगडीचा मान

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि या बाबतीत त्यांनी जिवंत आणि मेलेले असा भेदभावही कधी केला नाही. जिवंतांवर संशय घेणारे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. भावावर, भाऊबंदावर, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यावर संशय घ्यायला काही वेगळी बुद्धी लागत नाही. मामा थेट आपल्या पणजोबांवर संशय घेत. लोक पूर्वजांच्या फोटोला हार घालतात. मामांच्या घरीही आजोबांचा फोटो होता, पण त्याच्यासमोर ते कमरेवर हात ठेवून, चौकशीला आलेल्या फौजदाराच्या थाटात उभे राहत. "जावईबापू, ह्या डोळ्यांत पाहा बरं. हा माणूस काही तरी लपवून राहिला का न्हाई?" मला त्या फोटोत पागोट्याखाली घामाघूम झालेला एक साधा शेतकरी दिसे. पणजोबांचा तर फोटोच नव्हता, आणि मामांच्या लेखी ती सगळ्यात वाईट गोष्ट होती. "पोराचा फोटो हाय, नातवाचा हाय, मंग याचाच काहून न्हाई? तोंड लपवायचं काय कारण होतं?" त्या काळी आसपास फोटो काढणारा माणूसच नव्हता, असं मी सांगून पाहिलं. मीही त्या कटात सामील असल्यासारखं मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

त्यांचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढे. माझं हिंगोलीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की मामा ती जीपमध्ये टाकून माझ्याकडे आणत आणि काम होईपर्यंत समोरच्या स्टुलावरून हलत नसत. तांब्याची तार गुंडाळायला घेतली की आधी तिचं टोक नखाने खरवडून बघत. "तुमच्यावर भरवसा हाय हो, तारेवर न्हाई," असं वर म्हणत. एसटीची पाटी स्वतः वाचूनही कंडक्टरला विचारत, त्याने सांगितलं की पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारत, आणि दोघांचं उत्तर एकच निघालं की जास्तच अस्वस्थ होत. मामींनी चहा जरा गोड केला तर कपाकडे बघत म्हणत, "आज साखर जास्त काहून? काय मागायचं हाय?" मामींना खरंच काही मागायचं असे तेव्हा त्या चहा मुद्दाम फिका करत.

मला पाहायला आले तेव्हा तर गंमतच झाली. म्हणजे आता गंमत वाटते, तेव्हा घाम फुटला होता. माझं शिक्षण, दुकान, व्यसन यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. माझ्या आईला म्हणाले, "बाई, जरा घोटभर पाणी आना." आईने पाणी आणलं. ते पिऊन म्हणाले, "अजून एक तांब्या." मग अजून एक. माणूस उन्हातून आलाय म्हणून आईला कीव आली. पुढे कळलं, त्यांना तहान नव्हतीच. ते आईची चाल बघत होते. "गोऱ्हा घेताना बी आमी आधी त्याची गाय पाहतो," असं त्यांनी माझ्या सासूबाईंना नंतर सांगितलं. मी पसंत पडलो तो माझ्या आईच्या पायांच्या जोरावर. घरात भांडण झालं की बायको मला हे अजून ऐकवते.

घराण्याचा मोठेपणा सांगणारा माणूस भेटला की मामा खुलत. एकदा नरसीला नामदेवांच्या दर्शनाला गेलो असताना चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. आपले पूर्वज उत्तरेतून घोड्यावर बसून इकडे आले, असं ते छाती फुगवून सांगत होते. मामांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि शांतपणे विचारलं, "घोडं कोनाचं होतं?" गृहस्थ म्हणाले, "कोणाचं म्हणजे? त्यांचंच." "त्याईचंच होतं तर मंग एवढ्या दूर काहून पळाले?" टपरीवाला हसून हसून बेजार झाला. परतताना मी म्हणालो, मामा, त्या बिचाऱ्याला कशाला दुखवलंत? तर म्हणाले, "दुखवलं न्हाई. जे मी माझ्या घरच्याईला इचारतो तेच त्याला इचारलं."

घरच्यांना ते काय विचारत हे कळायला त्यांचा मान सांगायला हवा. चैत्रात त्यांच्या गावची जत्रा भरते. देवाची पालखी रानातल्या ठाण्यावरून निघते आणि वेशीतल्या लिंबाखाली येऊन थांबते. तिथे जमिनीवर नवी काळी घोंगडी अंथरायची, पालखी त्या घोंगडीवर टेकवायची, नारळ फोडायचा आणि मगच देव गावात शिरणार. घोंगडी नसेल तर पालखी खांद्यावरून खाली उतरत नाही. ती अंथरण्याचा मान मामांच्या घराण्याचा. बापानं अंथरली, आजोबानं अंथरली, त्याआधी फोटो नसलेल्या पणजोबानं. जत्रा झाली की घोंगडी घडी करून मानकऱ्याच्या घरी जाते. मामांच्या माळ्यावर अशा घड्यांची चळत होती. घरात एक दंडक होता, त्या घोंगडीवर कुणी झोपायचं नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

घोंगडी यायची आखाडा बाळापूरच्या बाजारातून, एका चाचांकडून. चाचांच्या वडिलांकडून मामांचे वडील घेत, आता मुलाकडून मुलगा. सबंध जिल्ह्यात या दोन घरांइतका जुना व्यवहार क्वचित असेल, पण म्हणून मामा तपासणी सोडतील होय? घोंगडीच्या काठातला एक धागा ते ओढून काढत, काडी ओढून तो जाळत आणि नाकाशी नेत. केस जळाल्याचा वास आला तर लोकर खरी, प्लास्टिकचा आला तर खोटी. मी बरोबर गेलो होतो तेव्हा चाचा गल्ल्यावर हाताची घडी घालून हा प्रकार बघत होते. मला म्हणाले, "इनके वालिद बी ऐसेच काडी जलाके सूंघते थे. जमाई, ये शक इनका अकेले का नहीं, खानदानी है." मामांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट ते विचारात पडले. परतीच्या गाडीत म्हणाले, "माझा बाप काहून शक घेत होता? त्याला काय माहीत होतं?"

तिथून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आम्ही तर शेतकरी, त्यांचं म्हणणं. आमच्या घरात कधी मेंढी नव्हती, मेंढीचं पिल्लू नव्हतं, लोकर कातरायची कात्री नव्हती. बैलाचा मान असता, नांगराचा असता तर बराबर होतं. ज्याच्या घरी मेंढीच नाही त्याच्या घरी घोंगडीचा मान आला कुठून? मेंढरं राखणारी घरं तर गावाच्या वरच्या अंगाला आहेत. मग मान त्यांचा असणार, आणि पणजानं तो दांडगाईनं नाही तर लबाडीनं घेतला असणार. एकदा हे ठरल्यावर पुरावे काय, आपोआप येत गेले. त्या मेंढक्यांच्या घरातली एक रीत मामांना आठवली. दिवाळी झाली की ते लोक मेंढरं घेऊन परमुलखात चरायला जात आणि पावसाच्या तोंडाशी परत येत. गाव सोडताना वेशीतल्या लिंबाच्या ढोलीत चिमूटभर लोकर खोचून जात. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नसे. मामांना मात्र लगेच उलगडलं. "ती खूण हाय, जावईबापू. आमचा माल तुमच्याकडं हाय, आमी इसरलो न्हाई, अशी." आणि घोंगडीवर न झोपण्याचा दंडक? "चोराला चोरीच्या अंथरुणावर झोप येत असती व्हय?"

मी हसलो, पण मामा हसत नव्हते. त्या वर्षी त्यांच्या छातीत दुखून गेलं होतं, आणि जत्रेनंतर मान मुलाकडे सोपवायचं घरात चाललं होतं. माझा हा मेहुणा उत्साही माणूस. त्याने वेशीत फ्लेक्स लावायचं आधीच ठरवलं होतं, त्यावर हात जोडलेला त्याचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'परंपरागत मानकरी'. मामांना तेच टोचत होतं. "बापानं पोराला काय देऊन जावं? जे असंल ते द्यावं. पण चोरीचा माल कसा देऊ? उद्या ते लेकरू छाती काढून मिरवल आणि वर ते मेंढके मला भेटले, तर तोंड कुठं लपवू?" वर म्हणताना त्यांनी आढ्याकडे बोट केलं. त्यांचा स्वर्गावर तरी विश्वास होता याचंच मला नवल वाटलं.

म्हणून मान परत करायला मामा निघाले, आणि साक्षीदार म्हणून मला नेलं. मेंढक्यांच्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस धुरपताकाकू. वयाने मामांपेक्षाही थोर, कणा वाकलेला, पण नजर अशी की समोरचा आपोआप सरळ उभा राहावा. आता त्यांच्याकडे कळप उरला नव्हता. रानं बंद झाली, पोरांनी परमुलखात जायचं सोडलं. दारात चार शेळ्या आणि दोन म्हाताऱ्या मेंढ्या, एवढंच. मामा ओट्यावर टेकले आणि एकदम म्हणाले, "काकू, घोंगडीचा मान तुमचा हाय. तुमी घ्या."

काकूंनी शेळीच्या पुढ्यात पाला टाकला. मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कोन?"

"जावई हायत. हिंगोलीचे."

"त्याईला कशाला आनलं? सही-अंगठा पाहिजे काय?"

"न्हाई हो काकू. मान तुमचा हाय म्हणून वापस देऊन राहिलो."

"काहून? आजच काहून आठवलं?" तेवढ्यात काकूंचा मुलगा घरातून बाहेर आला. तो सावधपणे म्हणाला, "मामा, मान घेतला म्हंजे जत्रेची पंगत आमच्यावर येईन न्हाई का? का तुमच्या पडीत रानात आमची शेळी चरते ते बंद करायचं हाय?" मामा शपथेवर सांगू लागले, आणि ते जितकं सांगत गेले तितका त्या मायलेकांचा चेहरा बंद होत गेला. शेवटी काकू उठल्या. "आमाला नको बापा तुझा मान. तकलीफ देऊ नको." जन्मभर दुसऱ्याच्या चांगुलपणात काळंबेरं शोधणाऱ्या मामांना त्या दिवशी पहिल्यांदा आपल्याच औषधाची चव कळली. रस्त्यात म्हणाले, "एवढा शक घेतात व्हय लोक?" मी दुसरीकडे तोंड करून हसून घेतलं.

गावात ही बातमी फुटली आणि गावही मामांसारखंच निघालं. एक म्हणाला, पंचायतीची निवडणूक आलीय, मेंढक्यांची मतं पाहिजेत. दुसरा म्हणाला, घोंगडी महाग झाली असेल. पारावर एकाने तर मामांना देवाचा कोप झालाय आणि तो ते दुसऱ्याच्या घरात लोटताहेत, असा शोध लावला. मेहुणा माझ्याकडे हिंगोलीला येऊन रडकुंडीला आला. "दाजी, तुमी सांगा ना त्यांना. फ्लेक्स छापून झाला. आणि लोकं मला इचारतेत, तुमच्या खापरपणज्यानं काय काय चोरलं?" त्याचंही चुकत नव्हतं. आपल्याला वारसा मिळतोय म्हणून हात पुढे करावा आणि बापाने त्यात कबुलीजबाब ठेवावा, असं त्याचं झालं होतं.

जत्रेच्या दिवशी मी आणि बायको सकाळीच पोहोचलो. मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून लिंबाखाली उभे होते, आणि त्यांचे हात रिकामे होते. चाचांकडून घोंगडी आणलीच नव्हती. मेहुण्याने धावत जाऊन माळ्यावरची जुनी आणतो म्हटलं, तर मामांनी त्याचं मनगट धरलं. हलगीचा आवाज जवळ येत गेला. पालखी वेशीत आली, थांबली, आणि खाली घोंगडी नाही. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हलगीवाल्याला वाजवावं की थांबावं कळेना. चैत्राचं ऊन, खांद्यावर देव, आणि सगळा गाव मामांकडे बघतोय. मामा हात जोडून, मान खाली घालून उभे. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती नाही, काळजी वाटली. एक खांदेकरी कण्हला, "उतरवू द्या हो, खांदा गेला." कुणी हललं नाही.

गर्दीतून धुरपताकाकू आल्या. त्यांच्या डोक्यावर उन्हासाठी घेतलेली त्यांची रोजची घोंगडी होती. विटलेली, काठाला गोखरूचे काटे अडकलेली, शेळीच्या वासाची. त्यांनी ती डोक्यावरून ओढली, झटकली आणि लिंबाखाली अंथरली. "देवाला उन्हात उभं ठेवता व्हय रे? अक्कल हाय का न्हाई कोनाला?" पालखी टेकली. नारळ फुटला. हलगी पुन्हा सुरू झाली.

मामा काकूंच्या पुढ्यात गेले. "काकू, घेतला ना मान? तुमचा तुमाला पावला ना?"

काकू चिडल्या. "कायचा घेतला? देव उभा होता म्हनून अंथरली. आन चोरला चोरला काय लावलं सगळ्या गावात? तुझ्या पणज्यानं न्हाई चोरला. आमच्या लोकाईनं राखायला देल्ला होता. चैतात आमी इथं असतो का? मेंढरं घेऊन लांब रानात असतो. मंग देवाला घोंगडी कोन अंथरल? म्हनून तुझ्या पणज्याला म्हनले, तू गावात असतो, तू अंथर. माझी सासू सांगायची."

मामा एक पाऊल पुढे सरकले. "मंग त्या दिवशी काहून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं कवा? घे घे म्हनत आला. इचारलंस का, कसा आला मान म्हनून?"

फोटोतल्या आजोबांपासून एसटीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेणारा हा माणूस, पण जिला ठाऊक होतं तिला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. रिवाजाप्रमाणे घोंगडीची घडी करून कुणीतरी मामांच्या हातात दिली. काकूंनी ती परत मागितली नाही. "असू दे. मी दुसरी घेईन," म्हणाल्या आणि गर्दीत मिसळल्या. मामांचा हात सवयीने काठाकडे गेला, एक धागा चिमटीत आला, दुसरा हात खिशातल्या काडीपेटीकडे गेला. मग त्यांनी तो धागा बोटाने तसाच आत दाबला.

संशय इतक्या सहज जाईल तर ते मामा कसले? पावसाळ्याच्या तोंडाशी ते मोटार घेऊन दुकानात आले. तार खरवडली नाही, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. स्टुलावर बसून म्हणाले, "जावईबापू, ती म्हातारी खरं बोलली असंल का हो? का देव उभा होता, मी उभा होतो, म्हणून बोलली असंल तोंडाला येईन ते? सासू सांगायची म्हणे. सासू तर मरून गेली. कोनाला इचारायचं?"

मी हातातली तार खाली ठेवली. म्हणालो, "मामा, गाव सोडताना ते लोक ढोलीत लोकर ठेवून जात. खूणच करायची तर चुनखडीची रेघ मारली असती. लोकर कशाला? घोंगडी तुम्ही अंथरायची, पण तिच्यातली चिमूटभर लोकर आमची, असं नसेल कशावरून?" मला तरी काय ठाऊक होतं? बोलता बोलता सुचलं ते बोललो. मामांनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग हळूच म्हणाले, "तुमी बी त्या काकूसारखंच बोलून राहिले," आणि हसले. त्यांच्या हसण्यात नेहमीचा खवचटपणा नव्हता. मला वाटतं, खरं-खोटं ठरवण्यापेक्षा कुणीतरी आपल्यासाठी एवढं बोलतंय, हे त्यांना त्या दिवशी पुरलं.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. यंदाच्या जत्रेआधी मेहुणा आपणहून काकूंकडे गेला आणि आधी विचारलं, मग ऐकलं, असं काकूच सगळ्यांना सांगत होत्या. नवी घोंगडी चाचांकडूनच आली, आणि ती विणताना काठात काकूंच्या दोन म्हाताऱ्या मेंढ्यांची थोडी लोकर घातली. वेशीत एक टोक मेहुण्याने धरलं, एक काकूंच्या मुलाने. फ्लेक्स लागला, त्यावर फोटोही होता, पण मामांचा. त्यातही ते कॅमेऱ्याकडे असे बघत होते, जणू फोटोग्राफर काहीतरी लपवतोय.

पण मला मामा आठवतात ते त्या शेवटच्या दिवाळीतले. आम्ही दुपारचे जेवायला गेलो होतो. मामींनी ओठांवर बोट ठेवून ओसरीकडे खूण केली. ज्या घरात मानाच्या घोंगडीवर कुणी टेकत नसे, तिथे मामा काकूंची ती काटेरी, विटकी घोंगडी अंथरून गाढ झोपले होते. जन्मभर एक डोळा उघडा ठेवून झोपलेला माणूस, दोन्ही डोळे मिटून, तोंड उघडं टाकून घोरत होता. मामी म्हणाल्या, "जत्रेपासून असंच. दुसऱ्या कशावर झोपच लागत न्हाई त्याईला." उशाशी काडीपेटी होती. मी उचलून पाहिली, काडी ओढायच्या कडेवर एकही ओरखडा नव्हता. आवाज न करता मी ती परत होती तिथे ठेवली.